वेबसाइट साधी आणि सोपी कशी करावी: आधी मजकूर, मग मांडणी, रंग शेवटी

वेबसाइट करायची ठरली की बहुतेक जण थेट टेम्प्लेट, म्हणजे डिझाइनचा तयार साचा, निवडायला बसतात. रंग कोणता, वर फोटो कोणता, लोगो केवढा, यावर खूप चर्चा होते आणि मजकुराच्या जागी तात्पुरतं काहीतरी भरून ठेवलं जातं. खरा मजकूर हाती येतो तेव्हा तो त्या चौकटीत बसत नाही. शीर्षक चार ओळींचं होतं, बटणावरचं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि मग मजकूर कापून-छाटून डिझाइनमध्ये कोंबला जातो. म्हणून इथे क्रम वेगळा ठेवला आहे. तुम्ही स्वतः कोड लिहिणार असाल किंवा वर्डप्रेससारखं साधन वापरणार असाल, तरी तो तसाच चालतो. उदाहरण म्हणून एका लहान वाचनालयाची वेबसाइट घेऊ.

१. लोक कोणत्या कामासाठी येणार, ते लिहून काढा

वाचनालयाच्या वेबसाइटवर माणूस साधारण चार कामांसाठी येतो: आज वाचनालय उघडं आहे का, हवं ते पुस्तक आहे का, सभासद कसं व्हायचं आणि घेतलेल्या पुस्तकाची मुदत वाढवून मिळेल का. संस्थेचा इतिहास किंवा अध्यक्षांचं मनोगत वाचायला मुद्दाम कोणी येत नाही. ते जरूर असावं, पण आतल्या पानावर.

ही यादी अंदाजाने करू नका. फोनवर आणि समोरासमोर लोक काय विचारतात ते काही दिवस टिपून ठेवा, तेही त्यांच्याच शब्दांत. लोक ‘सभासदत्वाचं नूतनीकरण’ म्हणत नाहीत, ‘वर्गणी कुठे भरायची’ असं विचारतात. पुढे मेन्यूला आणि शीर्षकांना नावं देताना हीच टिपणं कामी येतात. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न यादीत वर ठेवा. मुखपृष्ठावरचा क्रमही तोच असणार आहे.

२. उत्तरं लिहा, तीही साध्या मराठीत

वेबसाइट सोपी होते ती मुख्यतः या पायरीवर, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पहिल्याच वाक्यात यायला हवं. ‘वाचकांच्या सोयीचा विचार करून वाचनालयाच्या वेळा खालीलप्रमाणे निश्चित करण्यात आल्या आहेत’ हे वाक्य काढून टाका आणि सरळ लिहा: ‘सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते रात्री ८. रविवारी बंद.’ स्क्रीनवर माणूस ओळ न् ओळ वाचत नाही. तो नजर फिरवतो आणि आपल्या कामाचा शब्द दिसला की थांबतो. म्हणून परिच्छेद लहान हवेत आणि उपशीर्षकातूनच आतला मजकूर कळायला हवा.

बटणावर क्रिया लिहा. ‘सबमिट’पेक्षा ‘अर्ज पाठवा’ बरं, कारण दाबल्यावर काय होणार ते आधीच कळतं. ‘येथे क्लिक करा’ अशी लिंक देऊ नका. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पानातल्या सगळ्या लिंकची यादी ऐकू शकतो आणि त्या यादीत दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकून त्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘सभासदत्वाचे नियम वाचा’ अशी लिंक मात्र एकटी ऐकली तरी समजते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वेळापत्रक, शुल्क, सूचना हे सगळं फोटो किंवा पीडीएफ म्हणून चढवू नका. फोटोतली अक्षरं मोबाइलवर बारीक दिसतात, कॉपी करता येत नाहीत आणि स्क्रीन रीडर ती नीट वाचेल याचा भरवसा नसतो. महत्त्वाची माहिती पानावर मजकूर म्हणूनच टाका. जे फोटो खरोखर लागतात त्यांना पर्यायी मजकूर द्या, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारं एक छोटं वाक्य.

३. पानं आणि मेन्यू

प्रत्येक विषय एकेका चिठ्ठीवर लिहा आणि तीन-चार जणांना त्या चिठ्ठ्यांचे गट करायला सांगा. गटांना नावंही त्यांनाच देऊ द्या. संस्थेच्या विभागांनुसार केलेला मेन्यू आतल्या माणसांना बरोबर वाटतो, बाहेरच्याला मात्र कोणतं काम कोणत्या विभागात येतं हे माहीत नसतं.

लहान वेबसाइटला मेन्यूत पाच-सहा नावं पुरतात. मोठ्या स्क्रीनवर ती तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे लपवू नका, जागा असताना समोर दिसू द्या. लोगो दाबल्यावर मुखपृष्ठ उघडलं पाहिजे. शिवाय बरेच लोक सर्च इंजिनवरून थेट आतल्याच पानावर येतात, त्यामुळे ही वेबसाइट कोणाची आणि आपण कोणत्या पानावर आहोत हे प्रत्येक पानावर कळायला हवं.

४. मांडणी: आधी मोबाइलची

कागदावर मोबाइलएवढा उभा चौकोन काढा आणि त्यात मुखपृष्ठ मांडा. एवढ्याशा जागेत सगळं मावत नाही, म्हणून काय महत्त्वाचं हे ठरवावंच लागतं. वाचनालयाच्या बाबतीत वर आजची वेळ, खाली पुस्तक शोधायची चौकट, मग ‘सभासद व्हा’ हे बटण. आपोआप सरकणाऱ्या फोटोंची पट्टी वगळा. वाचून होण्याआधीच ती पुढे जाते आणि सगळ्यात मोलाची जागा अडवून बसते.

एकच पान स्क्रीनच्या रुंदीनुसार स्वतःची मांडणी बदलतं, या पद्धतीला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ म्हणतात. ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये हे नाव दिलं. आजचे बहुतेक टेम्प्लेट याच पद्धतीचे असतात. बोटांनी पान मोठं करून पाहण्याची सोय मात्र कधीही बंद करू नका, वय झालेल्या वाचकांचा सगळा आधार तीच असते. बटणं बोटाला सहज सापडावीत. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं (डब्ल्यूसीएजी) २०२३ च्या आवृत्तीत काही अपवाद सोडून बटणाचा आकार किमान २४ बाय २४ पिक्सेल (स्क्रीनवरचं मोजमापाचं एकक) सांगतात. त्यांच्याच सर्वांत वरच्या पातळीचा निकष ४४ बाय ४४ चा आहे आणि मुख्य बटणांसाठी तोच धरावा.

५. अक्षरं आणि रंग

मजकुराची अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका. देवनागरीत मात्रा वर जातात आणि उकार खाली येतात, त्यामुळे दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. अक्षरांच्या दीडपटीच्या पुढे, १.६ किंवा १.७ पट ठेवलं की वाचायला मोकळं वाटतं. दोन अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये हे अंतर शीर्षकांना आधीच दिलेलं असू शकतं, तेवढं शोधून शून्य करा. नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत आणि स्क्रीनवर स्वच्छ दिसतात. साधा आणि ठळक अशी दोन वजनं, म्हणजे अक्षरांच्या दोन जाड्या, पुरे. मजकूर युनिकोडमध्येच (सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची सर्वमान्य पद्धत) हवा, नाहीतर सर्च इंजिनला तो मराठी आहे हेसुद्धा कळणार नाही.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ही सध्याची फॅशन दिसायला नाजूक आहे, पण उन्हात उभं राहून मोबाइल पाहणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या शीर्षकांसाठी ३ ला १ असावा, असं डब्ल्यूसीएजी तत्त्वंच सांगतात. हे मोजून देणारी मोफत साधनं इंटरनेटवर भरपूर आहेत. फक्त रंगाने काही सुचवू नका: लाल म्हणजे बंद आणि हिरवा म्हणजे उघडं असं दाखवत असाल, तर शेजारी तो शब्दही लिहा. लाल-हिरवा फरक न दिसणारे बरेच जण असतात.

६. फॉर्म

माणूस वेबसाइट सोडून जातो तो अनेकदा फॉर्मपाशी. प्रत्येक रकान्याबाबत स्वतःला विचारा, ही माहिती मिळाली नाही तर काम अडेल का? अडणार नसेल तर रकाना काढा. सभासदाच्या अर्जात जन्मतारीख कशाला हवी याचं उत्तर देता आलं नाही, तर ती मागायची नाही.

रकान्याचं नाव त्याच्या वर लिहा. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेलं नाव टाइप करायला लागताच नाहीसं होतं आणि मध्येच थांबलेल्या माणसाला आपण काय भरत होतो ते कळत नाही. फोन नंबरच्या रकान्याला एचटीएमएलमध्ये (वेबपान ज्या भाषेत लिहिलं जातं तिच्यात) योग्य प्रकार दिला की मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. नंबर मोकळी जागा सोडून लिहिला तरी स्वीकारा, ती जागा काढून टाकणं हे संगणकाचं काम आहे. चूक झाली तर तिथेच, त्या रकान्याजवळ, काय करायचं ते सांगा: ‘अवैध नोंद’ असं न लिहिता ‘फोन नंबरमध्ये एक आकडा कमी आहे’ असं. आणि एका चुकीपायी भरलेला सगळा फॉर्म कोरा करू नका!

७. वेग

पान जड होतं ते बहुधा फोटोंमुळे. कॅमेऱ्यातला ४००० पिक्सेल रुंद फोटो ८०० पिक्सेलच्या जागेत टाकू नका. आधी लहान करा, शक्यतो वेबपी या हलक्या फाइल-स्वरूपात. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये द्या, म्हणजे फोटो उशिरा आला तरी वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलची कसोटी लक्ष्य म्हणून चांगली आहे.

८. लोकांना वापरू द्या आणि गप्प बसा

पाच जण गाठा. त्यांनी ही वेबसाइट आधी पाहिलेली नसावी. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, लोक भिडेपोटी छान म्हणतात. काम द्या: ‘रविवारी वाचनालय उघडं आहे का ते शोधा.’ मग शेजारी बसून नुसतं बघा. ते अडखळले की मदत करायचा मोह होतो, तो आवरा. कुठे थांबले, चुकून काय दाबलं, कोणता शब्द दोनदा वाचला, ते लिहून घ्या. पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी उघड होतात, असं वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं. एकाच मोठ्या चाचणीपेक्षा लहान चाचण्या पुन्हा पुन्हा घ्या, हा त्यांचा सल्ला आहे. दोघे एकाच ठिकाणी अडले तर तिथला शब्द किंवा जागा बदला आणि पुढच्या फेरीत तेच काम पुन्हा द्या.

माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटर या कळांनी सगळी वेबसाइट फिरून पाहा. आपण कोणत्या लिंकवर किंवा बटणावर आहोत ते प्रत्येक वेळी दिसलं पाहिजे.

वेबसाइट सुरू करताना एचटीटीपीएस, म्हणजे वेबसाइटशी होणारी सुरक्षित जोडणी, चालू आहे ना ते तपासा. पत्ता ‘असुरक्षित’ दिसला तर कोणी फॉर्म भरणार नाही. आधीची वेबसाइट असेल तर तिच्या प्रत्येक पानाचा पत्ता नव्या पानाकडे कायमचा वळवून घ्या, कारण लोकांनी जतन केलेल्या जुन्या लिंक चालत राहिल्या पाहिजेत. आणि वेळ, शुल्क, फोन नंबर बदलला की तो वेबसाइटवर कोण बदलणार, ते एका माणसाचं नाव घेऊन त्याच दिवशी ठरवा.