नवे पत्रे टाकून झाले? हिशोब मिटवण्याआधी या चुका टाळा

वळवाचे दोन शिंतोडे पडले की पुण्यात जुने पत्रे बदलायची घाई सुरू होते. काम उरकतं, घरमालक अंगणातून वर बघतो, रंग झकास दिसतो आणि पैसे चुकते होतात. पहिली चूक इथेच होते. छपराचं बरंवाईट कळतं ते वॉशर, जोड आणि कडा बघून. त्यासाठी शिडी लावून वर जायला हवं. वर चालताना पाय स्क्रूंच्या रांगेवर ठेवा, कारण खाली पर्लिनचा, म्हणजे पत्रे पेलणाऱ्या आडव्या लोखंडी पट्टीचा, आधार तिथेच असतो. पारदर्शक फायबरच्या पत्र्यावर मात्र कधीच पाय देऊ नका.

बादलीभर पाणी ओतून ‘बघा, गळत नाही’

बादलीचं पाणी उतारावरून क्षणात निघून जातं. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आधी भर दुपारी दारं-खिडक्या लावून आतून छपराकडे बघा. उजेडाचा ठिपका दिसला की तिथे भोक आहे. मग बागेची नळी घ्या आणि वळचणीपासून सुरुवात करा. प्रत्येक आडव्या जोडावर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा, मग वर सरका. भिंतीलगतची पट्टी आणि रिज (छपराचा माथा) शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि आत थेंब पडला तरी तो कुठून आला ते कळत नाही. आत एकाला टॉर्च देऊन उभं करा. पाणी खालून वर, जोडाच्या आत मारू नका; त्याने चांगलं छप्परही गळतं.

स्क्रू नुसते मोजणं

बहुतेक तक्रारींचं मूळ स्क्रूत असतं, म्हणून इथे वेळ घालवा. काळा रबरी वॉशर धातूच्या चकतीखालून जेमतेम कडेपर्यंत आलेला दिसायला हवा. चारी बाजूंनी फुगून बाहेर आला असेल तर स्क्रू जास्त आवळलाय. ते रबर उन्हात दोन-तीन वर्षांत चिरतं, शिवाय तिथे पत्रा दबून पाणी साचतं. वॉशर बोटाने फिरत असेल तर स्क्रू ढिला आहे. तिरका बसलेला स्क्रू एका बाजूने हमखास गळतो.

स्क्रू फिरवल्यावर नुसताच गरगरत असेल तर त्याने पर्लिनमध्ये पकड घेतलेलीच नाही. अशा भोकात सिलिकॉन भरून मिस्त्री पुढे सरकतात. ते मान्य करू नका. स्क्रू पर्लिनच्या वर असेल, पण त्याचे आटे गेले असतील, तर जाड गेजचा स्क्रू लावायला सांगा. पर्लिनच चुकली असेल तर भोक पत्र्याच्याच तुकड्याने आणि ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) बुजवायला हवं.

स्क्रू पत्र्याच्या घडीच्या उंचवट्यावरून मारायचा असेल तर २८–३० मिमी उंच घडीच्या पत्र्याला ५५ मिमीचा स्क्रू लागतो. वळचणीला आणि रिजला प्रत्येक उंचवट्यावर एक, मधल्या पर्लिनवर एकाआड एक. कडेला कंजुषी चालत नाही, कारण वारा छप्पर दाबत नाही, वर ओढतो, आणि ही ओढ कडांवर सर्वांत जास्त असते. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. ०.५० मिमी पत्र्याखाली दोन पर्लिनमध्ये चार-साडेचार फुटांपेक्षा जास्त अंतर असेल तर स्क्रू कितीही मारा, पत्रा फडफडणारच.

‘०.५०’ ऐकून समाधान मानणं

कुठली जाडी? टीसीटी म्हणजे रंग आणि मुलाम्यासकट, बीएमटी म्हणजे निव्वळ पोलाद. ०.५० टीसीटीच्या पत्र्यात पोलाद साधारण ०.४५ असतं. बिलावर नुसतं ०.५० लिहून ०.४५ टीसीटीचा माल देणं ही जुनी युक्ती आहे. वळचणीची मोकळी कड मायक्रोमीटरने मोजा. पत्र्याच्या खालच्या बाजूला छापील मजकूर असेल तर तोही वाचा; एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम ॲल्युमिनियम-झिंकचा मुलामा. एझेड ७० त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, किमतीत मात्र तेवढा फरक दिसेलच असं नाही.

जोड कुठल्या दिशेला, हे न बघणं

पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून उतार उत्तर-दक्षिण असेल तर पत्रे पूर्वेच्या टोकापासून टाकायला सुरुवात करायची. मग प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. उलट टाकलेले पत्रे साध्या सरीला टिकतात आणि झोडपणाऱ्या पावसात गळतात. लांबीत जोड असेल तर तो किमान १५० मिमी, उतार कमी असेल तर २०० मिमी, आणि मध्ये ब्यूटाइल टेप. दहा फुटांत फूटभर उतारही नसेल, तर लांबीत जोड न देता अख्खा पत्रा मागवणंच शहाणपणाचं.

भिंतीला नुसतं सिलिकॉन

पत्रा भिंतीला भिडतो तिथे प्लास्टरमध्ये २०–२५ मिमी खोल खाच मारून फ्लॅशिंगची, म्हणजे सांधा झाकणारी, पट्टी आत घातलेली असावी. प्लास्टरवर चिकटवलेली पट्टी एका उन्हाळ्यात सुटते. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते ॲसिडिक आहे, मुलामा खातं. ओलं सिमेंटही तेच करतं, त्यामुळे भिंतीची डागडुजी पत्रे टाकण्याआधी उरका. एसीच्या तांब्याच्या कॉइलवरून आलेलं पाणीही पत्र्यावर सोडू नका.

पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके

पत्रा खराब निघाला असं लगेच समजू नका. ड्रिलचा लोखंडी कीस झाडून काढला नसेल तर तो रात्रीतून गंजतो आणि रंगाला डाग पाडतो. त्याच दिवशी मऊ झाडूने साफ केला तर भागतं. पण पत्र्याची कापलेली कड जळकी, तपकिरी दिसत असेल तर ग्राइंडर चालवलाय. त्या उष्णतेत कडेचा मुलामा जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. असा पत्रा बदलून मागा.

दव म्हणजे गळती समजणं

डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असताना पहाटे आतून थेंब पडत असतील, तेही पत्र्याच्या सगळ्या भागातून, तर ती आतली वाफ थंड पत्र्यावर जमलेली आहे. याला स्क्रू बदलून उपयोग नाही. रिजजवळ हवा खेळती ठेवा किंवा पत्र्याखाली इन्सुलेशन घ्या. सकाळी ऊन चढताना येणारी टकटकही साधी आहे: सहा मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ तीन मिमी लांबतो. तोच आवाज वाऱ्याबरोबर, थरथरत येत असेल, तर पुन्हा शिडी लावा आणि वळचणीचे स्क्रू तपासा.