पहिल्या पावसानंतर विहिरीच्या पाण्यातील कीडनाशकांचे अंश: नमुना कसा घ्यावा

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत शिवारातले गढूळ पाणी ओढ्यांतून विहिरींत आणि शेततळ्यांत उतरते, आणि उसातील तणनाशकाचा किंवा डाळिंबावरील फवारणीचा अंश त्यासोबत येण्याची शक्यता त्या काही दिवसांत सर्वाधिक असते. म्हणून सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी, ज्या विहिरीचे पाणी घरात किंवा गोठ्यात प्यायले जाते तिचा एक नमुना पावसापूर्वी आणि दुसरा पहिला लोंढा येऊन गेल्यावर तपासून घ्यावा. नेहमीच्या तपासणीत सामू आणि क्षार कळतात, हे अंश कळत नाहीत. त्यासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वेगळी मागणी नोंदवावी लागते.

मात्रा किती सूक्ष्म असते, हे एका हिशेबावरून लक्षात येईल. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500:2012 या मानकात ॲट्राझिन या उसातील तणनाशकाची मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम आहे. त्याच्या 50 टक्के भुकटीतले अवघे 10 ग्रॅम 25 लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरतात. विहिरीच्या काठावर फवारणीचा पंप धुण्याची सवय यासाठीच सोडावी.

अहवाल बिघडतो तो बहुधा प्रयोगशाळेत नव्हे, तर बाटली भरताना. गडद काचेची, झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर असलेली एक लिटरची बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. बाटलीबंद पाण्याची रिकामी बाटली चालत नाही, कारण काही कीडनाशके प्लॅस्टिकला चिकटून बसतात. मोटार दहा मिनिटे चालवून, खताच्या टाकीच्या आधीच्या नळातून, बाटली काठोकाठ भरावी. एरवी आपण बाटली त्याच पाण्याने विसळतो, येथे मात्र विसळू नये, कारण काचेला चिकटलेला अंश मागे राहून आकडा फुगतो. त्या दिवशी फवारणी केलेल्या माणसाने नमुन्याला हातही लावू नये. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तर त्याच दिवशी पोचवावी. ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीतून दिवसभर फिरलेल्या बाटलीच्या अहवालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

सोबत फवारणीच्या वहीतून गेल्या हंगामात वापरलेल्या औषधांची यादी द्यावी. ‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ, तपासलेल्या औषधांपैकी यंत्राला मोजता येईल इतके काही सापडले नाही, एवढाच असतो. मर्यादेपेक्षा जास्त अंश आढळल्यास त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी थांबवून दुसरा नमुना तातडीने घ्यावा.