लोहाची गोळी रोज घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नव्हतं: माझा अनुभव

जिना चढताना धाप, केसगळती आणि बर्फ चघळायची विचित्र ओढ. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) ७. चार महिने रोज गोळी घेऊन आकडा ९.६! कंपनी बदलली, मग दिवसाला दोन घेतल्या. पोट तेवढं बिघडलं. वैताग आला होता.

रक्तस्राव किंवा आतड्याचा आजार नाही, हे डॉक्टरांनी आधी तपासून घेतलं. मग विचारलं, गोळी कधी घेता? मी ती चहासोबत घ्यायचे, पाठोपाठ कॅल्शियमची. तिथेच घोळ होता. चहातली टॅनिन लोहाला आतड्यात बांधून ठेवतात, कॅल्शियमही शोषण अडवतं.

नवा क्रम असा: उठल्यावर रिकाम्या पोटी गोळी, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत (क जीवनसत्त्वामुळे लोह शोषायला सोपं जातं). पुढे तासभर काही खायचं नाही. चहा दोन तासांनी. कॅल्शियम थेट रात्रीच्या जेवणासोबत. आणि लोहाची गोळी दिवसाआड. हे मला उलटंच वाटलं, पण एका डोसनंतर हेप्सिडिन हे संप्रेरक साधारण २४ तास वाढलेलं राहतं आणि पुढच्या डोसचं शोषण घटवतं.

आठ आठवड्यांत ११.८. बारा ओलांडल्यावरही गोळी तीन महिने चालू ठेवली, कारण फेरिटिनचा साठा सावकाश भरतो.

गोळीने शौचाला काळसर होतं, ते चालतं. डांबरासारखं चिकट झालं तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.