वाचनसाखळी कशी चालवावी: युवा कादंबऱ्यांसाठी ऑनलाइन शोधस्पर्धा

युवा कादंबरीचा वाचक साधारण १२ ते १८ वर्षांचा. जाहिरात पाहून तो सहसा पुस्तक उघडत नाही. आवडत्या लेखकाने ‘हे वाच’ म्हटलं की उघडतो. वाचनसाखळी याच गोष्टीवर उभी आहे. काही लेखक एकत्र येतात. पहिल्याच्या संकेतस्थळावर दुसऱ्याचं कुठेही न छापलेलं लिखाण असतं, दुसऱ्याच्या संकेतस्थळावर तिसऱ्याचं, आणि शेवटचा पहिल्याचं लिखाण ठेवतो. प्रत्येक पानावर एक आकडा लपवलेला असतो आणि खाली पुढच्या पानाचा दुवा असतो. वाचक सगळे आकडे गोळा करतो, बेरीज फॉर्ममध्ये भरतो आणि बरोबर उत्तरांमधून सोडत निघते.

आकडे हे फक्त निमित्त. अनोळखी लेखकाचं एक पान वाचकाने थांबून वाचलं तरच या सगळ्या खटाटोपाचा उपयोग, म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय याच कसाला लावायचा.

किती लेखक, किती दिवस

एका साखळीत बारा लेखक पुरे. प्रत्येक पानावर ६०० ते ८०० शब्द धरले तर एका पानाला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणजे पूर्ण साखळीला तासभर. त्याहून लांब साखळीत मुलं वाचणं सोडून नुसते आकडे वेचतात. चोवीस लेखक तयार असतील तर निळा आणि हिरवा असे दोन गट करा. बेरीज वेगळी, बक्षीस वेगळं.

साखळी गोल ठेवा आणि वाचकाला कुठूनही सुरुवात करू द्या. सरळ रांगेत पहिल्या पानावर गर्दी होते आणि शेवटच्या लेखकापर्यंत थोडेच पोचतात. त्या लेखकावर हा उघड अन्याय आहे, आणि पुढच्या वेळी तो येणार नाही.

मुदत ७२ तासांची, शुक्रवार दुपार ते सोमवार दुपार. ‘रविवारी मध्यरात्री बंद’ असं कधी लिहू नका; शनिवार संपतानाची मध्यरात्र की रविवार संपतानाची, यावर हमखास वाद होतो. वाचक अनेक देशांतले असतील तर वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) द्या आणि शेजारी मोजणी उलटी दाखवणारं घड्याळ लावा. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असेल असं धरून चालू नका.

मजकूर

पुस्तकाचं पहिलं प्रकरण देऊ नका. ते बहुतेक वेळा ई-पुस्तकाच्या नमुन्यात फुकट वाचायला मिळतंच. गाळलेला प्रसंग, तोच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या नजरेतून, दोन पात्रांमधली पत्रं, कथेतल्या गावाचा लेखकाने स्वतः काढलेला नकाशा, असं काही हवं. कसोटी एकच: पुस्तक न वाचलेल्याला ते कळलं पाहिजे आणि पुस्तकाचा शेवट त्यातून फुटता कामा नये. दोन ओळींची पार्श्वभूमी वर द्या. पुस्तकातला उतारा किंवा मुखपृष्ठ वापरायचं असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी दीड महिना आधी मागा, कारण उत्तराला वेळ लागतो.

यजमान लेखकाने पाहुण्याची ओळख स्वतःच्या शब्दांत करून द्यावी, तीन-चार वाक्यांत. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून ठेवला की वाचक तो वरून खाली सरकवून पुढे जातो. त्यासाठी यजमानाने ते पुस्तक वाचलेलं हवं, म्हणून जोड्या दोन महिने आधी ठरवा.

आकडा

प्रत्येकाला ११ ते ९९ मधला आकडा द्या. एक अंकी आकडे घेतले तर बारा पानांची बेरीज १२ ते १०८ मध्येच येते आणि अंदाजाने ठोकता येते. दोन अंकी घेतल्यावर ती १३२ ते ११८८ मध्ये कुठेही असू शकते. आणि बाराही आकडे वेगवेगळे ठेवा. याचा मोठा फायदा स्पर्धा सुरू झाल्यावर कळतो. समजा बरोबर बेरीज ५४७ आहे आणि बरेच जण ५०६ लिहीत आहेत. फरक ४१. म्हणजे ज्या पानावर ४१ आहे तिथे काहीतरी बिघडलंय: आकडा दिसत नाही किंवा पानच उघडत नाही. सुरू झाल्यावर दोन तासांनी उत्तरं एकदा अशी तपासाच.

आकड्याची जागा उताऱ्याच्या दोन-तृतीयांश अंतरावर. वर ठेवला तर वाचन होत नाही, अगदी तळाशी ठेवला तर मुलं थेट तळ गाठतात. पण नेमकी जागा निवडताना लेखनाची लय सांभाळा. समजा उतारा असा आहे: ‘इरा दारापाशी थांबली. आतून कुणीतरी तिचंच नाव घेत होतं, पण आवाज ओळखीचा नव्हता.’ या दोन वाक्यांच्या मध्ये आकडा घुसवला तर ताण तिथेच सुटतो. दुसऱ्या वाक्यानंतर परिच्छेद संपतो, तिथे ओळ सोडून आकडा ठेवा. आता वाचकाला आकडाही मिळाला आणि दाराआड कोण आहे याची ओढही कायम राहिली.

आकडा चित्रात भरू नका. दृष्टिहीन वाचकांचं पडदावाचक सॉफ्टवेअर चित्रातला आकडा सहसा वाचत नाही, आणि मोबाइलवर चित्र उशिरा उतरतं. साध्या मजकुरातच, पण ठळक, मोठ्या अक्षरात आणि गटाच्या रंगात लिहा. नुसत्या रंगावर भिस्त नको. लाल-हिरव्यातला फरक अनेकांना दिसत नाही. उताऱ्यात इतर आकडे असतील, जसं वय किंवा घर क्रमांक, तर ते अक्षरांत लिहा, नाहीतर तेच बेरजेत जातात.

दुवे तुटतात ते इथे

साखळीतला एक दुवा तुटला की वाचक तिथेच अडकतो. बहुतेकदा कारण साधं असतं: लेखक आदल्या रात्री शीर्षक बदलतो, पुसून परत लिहितो, आणि पानाचा पत्ता बदलतो. वर्डप्रेस या संकेतस्थळं चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच पत्ता आधीच्या पानाने अडवला असेल तर नव्या पत्त्याला शेवटी ‘-2’ चिकटतं. म्हणून पानाचा पत्ता दहा दिवस आधी पक्का करा, संयोजकाकडे नोंदवा आणि मग त्याला हात लावू नका. दुसरं कारण, पान आपोआप प्रसिद्ध होण्याची वेळ लावलेली असते पण संकेतस्थळाचा कालविभाग (टाइम झोन) चुकीचा असतो. सेटिंगमध्ये तो आधी बघा.

आदल्या दिवशी संयोजकाने मोबाइलवरून, कुठेही लॉगिन न करता, पूर्ण साखळी फिरून यावी. लॉगिन केलेल्या लेखकाला अप्रकाशित पानही दिसतं, म्हणून त्याचं ‘माझ्याकडे उघडतंय’ धरू नका. मुख्य पानावर बाराही दुव्यांची यादी ठेवा आणि प्रत्येक पानाची एक प्रत संयोजकाकडे तयार असू द्या. एखादं संकेतस्थळ गर्दीने बसलं तर पाच मिनिटांत ती प्रत चढवता येते.

फॉर्म आणि नियम

फॉर्ममध्ये नाव, ईमेल, बेरीज आणि वयाची चौकट, एवढंच. घरचा पत्ता फक्त विजेत्याकडून मागायचा. बेरजेच्या रकान्यात मराठी मुलं देवनागरी अंकही लिहितात. नुसत्या अंकांचं बंधन घातलेला फॉर्म ते नाकारू शकतो, आणि उत्तरं जमा होतात त्या तक्त्यात (स्प्रेडशीटमध्ये) ते अक्षरं म्हणून बसून बरोबर उत्तर चूक ठरू शकतं. कोणते अंक चालतील ते रकान्याशेजारीच सांगा, आणि तपासताना दोन्ही धरा.

वाचक अल्पवयीन आहेत, म्हणून इथे ढिलाई नको. अमेरिकेत कोपा कायदा १३ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या विदा संरक्षण नियमावलीत ही रेषा १६ वर्षांची आहे आणि सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक. सगळ्यात सुटसुटीत मार्ग म्हणजे १८ वर्षांखालच्यांचा फॉर्म पालकांनीच स्वतःच्या ईमेलवरून भरावा.

भाग घेण्यासाठी पुस्तक विकत घेण्याची अट घालू नका. पैसे, नशीब आणि बक्षीस हे तीन एकत्र आले की अनेक देशांत त्याला लॉटरी मानतात. फेसबुकवर प्रचार करत असाल तर ‘स्वतःच्या भिंतीवर शेअर करा, मित्रांना टॅग करा’ हीही प्रवेशाची अट ठेवता येत नाही. तिथल्या नियमांत ती बसत नाही.

सोडत

मुदत संपताच फॉर्म बंद करा. एकाच ईमेलच्या दुबार नोंदी आणि चुकीची उत्तरं काढा, उरलेल्यांना १ पासून ओळीने क्रमांक द्या आणि मगच यादृच्छिक क्रमांक काढा. तक्त्यातलं रँडबिटवीन हे सूत्र वापरलं तर एक धोका आहे: कुठल्याही रकान्यात काही बदललं की ते नवा क्रमांक देतं आणि मघाचा विजेता गायब होतो. क्रमांक निघताच तो मूल्य म्हणून दुसरीकडे चिकटवा. पडद्याचं ध्वनिचित्रमुद्रण ठेवा, आणि त्याच वेळी तीन राखीव नावंही काढा. विजेत्याला कळवणारं पत्र बरेचदा स्पॅममध्ये जातं. सात दिवस उत्तर आलं नाही तर राखीव नाव घ्यायचं, हे नियमांत आधीच लिहिलेलं असू द्या.

बारा पुस्तकांचं वजन चार-पाच किलोपर्यंत जातं. बाराही लेखकांनी वेगवेगळी पाठवली तर एखादं महिनोन्‌महिने पोचत नाही आणि विजेता बिचारा कुणाला विचारायचं ते शोधत बसतो. सगळी पुस्तकं आधी संयोजकाकडे मागवा, सोडतीच्या दिवशी ती एका खोक्यात भरलेली हवीत. परदेशात टपालखर्च परवडणार नसेल तर तिथल्या विजेत्याला ई-पुस्तकं मिळतील असं सुरुवातीलाच जाहीर करा. पण ती त्या देशात उघडतील ना, हे प्रकाशकाला विचारून घ्या.

सोडतीनंतर बाराही पानं निदान महिनाभर तशीच राहू द्या. घाईत आकडे वेचलेली मुलं उतारा निवांत वाचायला परत येतात. बरोबर बेरीज आणि बारा पुस्तकांची नावं मुख्य पानावर टाका. खोकं पोचल्याची पोच आली की फॉर्ममधली सगळी माहिती पुसून टाका, विजेत्याच्या पत्त्यासकट.