खास पाना नसताना काढलेला ऑइल फिल्टर
माझ्या जुन्या व्हॅनचे इंजिन ऑइल बदलताना खरी अडचण फिल्टरची होती. तो इतका घट्ट बसला होता की हात नुसताच घसरत होता आणि तो काढण्याचा खास पाना माझ्याकडे नव्हता. स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकून फिल्टर फिरवण्याचा उपाय बरेच जण सांगतात, पण पत्रा फाटला तर पकडायला काहीच उरत नाही, म्हणून मी तो टाळला. फिल्टर चिंधीने कोरडा पुसून, जाड पॉलिश पेपरची खरखरीत बाजू आत ठेवून तो त्याभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी जोर दिला, तेव्हा तो सुटला.

जुने रबरी वायसर मात्र इंजिनच्या बैठकीलाच चिकटून राहिले होते आणि काळ्या ऑइलमुळे ते धातूचाच भाग वाटत होते. त्यावर नवा फिल्टर चढवला असता, तर दोन वायसर एकावर एक येऊन दाब येताच ऑइल बाहेर फेकले गेले असते. ते नखाने सोलून काढले, नव्या वायसरला ताज्या ऑइलचे बोट लावले आणि वायसर बैठकीला टेकल्यावर फिल्टर हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळला. ऑइल भरून इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दाब कमी असल्याचा इशारा देणारा दिवा काही सेकंदांत विझला. नंतर इंजिन बंद करून, ऑइल मोजायच्या दांडीवरची पातळी पाहून थोडे ऑइल वाढवले.