मातीचं कैलास लेणं: चढवायचं नाही, काढायचं

आमचं घर पेणचं, गणपतीवाल्यांचं. हाताला सवय माती चढवायची. वेरूळचं कैलास, म्हणजे सोळा नंबरचं लेणं करायला बसलो, तेव्हा हीच सवय आडवी आली. शिखर, हत्ती, ध्वजस्तंभ सगळं वेगवेगळं करून चिकटवलं. आठ दिवसांनी बघतो तर दोन्ही स्तंभ पाटावर आडवे. सुकत आलेल्या मातीला ओली माती लावली की ओली जास्त आक्रसते, सांधा सुटतो.

मुळात ते देऊळ बांधलेलंच नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगरात तीन बाजूंनी चर खणले आणि मधला खडक वरून खाली कोरत आणला. आपणही तसंच करायचं.

खरं अंगण साधारण 82 मीटर लांब, 46 रुंद. तीनशेपट लहान केलं की 27 बाय 15 सेंटिमीटर. भोवतीचा कडा धरून 32 बाय 20 ची, 13 उंच अशी एकसंध वीट घ्या. ओली शाडू पंधराएक किलो लागते. मळताना कंटाळा नको. गोळा पाटावर दणादण आपटा, आत हवा राहिली तर तडा ठरलेला.

वीट दोन दिवस ओल्या फडक्याखाली ठेवा. बोटाचा ठसा उमटतो पण माती बोटाला लागत नाही, अशी झाली की उलटी करा आणि जिथे शिखर येणार तिथे खालून पोकळी काढा, फक्त जोत्याच्या उंचीइतकी. नंतर उलटायला गेलात तर शिखर हातात येईल!

आता सरळ ठेवून मागे आणि दोन्ही बाजूंना चर. इथेच मी दुसऱ्यांदा चुकलो. चर सरसकट साफ केला आणि मग आठवलं, नंदीमंडपाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्तंभ आणि एकेक हत्ती आहे. त्यांची माती आधीच राखायची. स्तंभ पाच सेंटिमीटरचे येतात. शेवटपर्यंत जाडच ठेवा, बारीक सगळ्यात शेवटी.

मग शिखराच्या माथ्यापासून खाली. वरचा मजला पूर्ण झाल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही, कारण वरचा भुगा खालच्या नक्षीत बसतो. मंडपाच्या छपरावरचे सिंह या मापात नुसते उंचवटे होतात, होऊ द्या. जोत्यावरच्या हत्तींची रांग मात्र सोडू नका. सोंडांसाठी मी छत्रीची तासलेली काडी वापरतो.

सुकवताना घाई नको. पंधरा दिवस सावलीत, वर सैल प्लास्टिक. पंखा बंद.

रंगाला लोक काळा डबा उघडतात. खऱ्या देवळावर एके काळी पांढरा गिलावा होता, त्याचे पापुद्रे अजून दिसतात. मी पातळ चुन्याचा एक हात देतो आणि अर्धा फडक्याने पुसून टाकतो.