पहाणीवरनं खापरपणज्यापर्यंत: बेळगाव भागात आपलं घराणं कसं शोधायचं

आमच्यात कुणाला पण घराण्याचा शोध घ्यायची हौस आली की पहिला प्रश्न हाच असतोय, जुन्या जनगणनेत आपल्या पणज्याचं नाव सापडेल का? तर नाही सापडणार, आणि हे आधीच सांगतोय कारण मी स्वतः त्यात बरेच दिवस घालवलेत. आपल्याकडं पहिली जनगणना १८७२ ची, मग १८८१ पासून दर दहा वर्षांनी, पण घरोघरी जाऊन लिहिलेले नावांचे कागद मोजणी झाली की ठेवलेच जात नव्हते, आणि १९४८ च्या जनगणना कायद्यानं तर माणसागणिक माहिती कुणाला बघायला पण मिळत नाही. छापून आलेत ते आकडे. म्हणजे जिल्ह्यात कुठल्या जातीची किती माणसं, गावात घरं किती, एवढंच.

तरी ते आकडे टाकून देऊ नका. १८७२ पेक्षा १८८१ ला बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या कमी भरली, मधे १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला होता, त्यामुळं तुमच्या घराण्यात त्या काळात अचानक एखादी फांदी तुटलेली दिसली किंवा माणसं गाव सोडून गेलेली दिसली तर कारण शोधायला लांब जायला नको. १८८४ चं बेळगावचं गॅझेटियर पण वाचा, त्यात जातवार आडनावं, चालीरीती, देवदेवस्की सगळं आहे. आणि एक अपवाद लक्षात ठेवा, १९५१ च्या जनगणनेवरनं राष्ट्रीय नोंदणी रजिस्टर म्हणून गाववार नावं उतरवून काढली होती, महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधताना ही रजिस्टरं पण तपासली गेली, तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये गेलात तर नाव घेऊन विचारा.

खरं काम होतंय ते जमिनीच्या कागदांवर. पण त्याच्या पण आधी घरात बसा. म्हाताऱ्या माणसाला “आपले पूर्वज कोण” असं विचारलं तर एक तर शिवाजी महाराजांच्या सैन्यातली गोष्ट येतीय नाहीतर “काय की बाबा” असं उत्तर येतंय. मी आत्तीला विचारलं, आपण सुतक कुणाकुणाचं धरतोय? तिनं घडाघडा अकरा घरं सांगितली, त्यातली तीन घरं दुसऱ्या गावातली, आणि तिथनंच मला कळलं की आमची भाऊबंदकी दोन गावांत पसरलीय. सुतक म्हणजे रक्ताचं नातं, ते बायकांच्या बरोबर लक्षात असतंय. मग कुलदैवत कुठलं, देवक कुठलं, म्हाईला, म्हणजे गावच्या जत्रेला, पहिला मान कुठल्या घराचा, आणि शेतांची नावं काय ते लिहून घ्या. मंगसुळीचा खंडोबा की जोतिबा की सौंदत्तीची यल्लम्मा, यावरनं घराणं मूळ कुठल्या बाजूनं आलं असेल त्याचा अंदाज येतोय, पुरावा म्हणून मात्र धरू नका. आणि पत्र्याची ट्रंक उघडा. शेतसाऱ्याच्या पावत्या, गहाणखत, वाटणीपत्र, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, काही टाकू नका. घरात कुणी मराठा रेजिमेंटला असेल तर डिस्चार्ज बुक असतंय, त्यात बापाचं नाव, गाव, वारस सगळं. महायुद्धात कोण मेलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या वेबसाइटवर शोधा, बऱ्याच नोंदींना बापाचं नाव आणि गाव पण दिलेलं असतंय, फक्त स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं, म्हणून चार प्रकारे टाईप करून बघा.

आता पहाणी. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात ते इकडं आरटीसी, आपण उतारा म्हणतो, पहाणी म्हणतो. भूमी म्हणून कर्नाटक सरकारची जमिनीच्या नोंदींची वेबसाइट आहे, तिच्यावर कॉम्प्युटरचा उतारा लगेच मिळतोय, पण तो २००० च्या आसपास भरलेला डेटा, त्याच्या मागचं हातानं लिहिलेलं तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. उताऱ्यावर मालकाच्या नावाजवळ एम.आर. किंवा जुना एम.ई. नंबर असतोय, लोक नुसतं नाव बघतात आणि हा नंबर सोडून देतात, अहो सगळी किल्ली त्यातच आहे. हा म्युटेशनचा, म्हणजे फेरफाराचा नंबर. त्या नंबरची नकल मागायची, त्यात जमीन कुणाकडनं कुणाकडं आणि का गेली ते लिहिलेलं असतंय, आणि त्याच्या आधीच्या उताऱ्यावर त्याच्या आधीचा नंबर. असं एकेक पायरी मागं. वर चढून एकदम मूळ पुरुष शोधायला जाऊ नका, आपल्या स्वतःच्या नावापासून सुरू करा आणि एक पण पायरी गाळू नका.

सगळ्यात मोलाची असतीय ती वारसाची नोंद. समजा असं लिहिलंय, “रामा बिन विठू हा मयत, वारस मुलगे १. बाळा २. नागू ३. सिद्दू अज्ञान अ.पा.क. आई लक्ष्मी कोम रामा.” या एका ओळीतनं किती निघतंय बघा. रामाचा बाप विठू. रामा नोंदीच्या तारखेच्या थोडं आधी गेला. मुलगे तीन, बहुतेक वयाच्या क्रमानं. धाकटा त्या वेळी अठराच्या आतला, कारण अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. आणि आईचं नाव लक्ष्मी, ती तेव्हा जिवंत होती. बिन म्हणजे चा मुलगा, कोम म्हणजे ची बायको, वल्लद दिसलं तर ते पण मुलगाच. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी मागं भाऊ आहेत, त्यांना शोधायचंय. पुढं कन्नडमध्ये हेच तंदे आणि गंड होतंय, तंदे म्हणजे वडील, गंड म्हणजे नवरा. पुढच्या काळातल्या नोंदींत लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं पण येतात, ती सोडू नका, आमच्या घरात आज्ज्याच्या दोन बहिणी होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं, कागदावर निघाल्या.

आणेवारीवरनं पण नातं ओळखता येतंय. पूर्ण रुपया म्हणजे सोळा आणे, एका आण्याचे बारा पै. तीन भावांत वाटणी झाली की प्रत्येकाला ५ आणे ४ पै, आणि पुढं त्यातल्या एकाचे दोन मुलगे वाटून घेतले की २ आणे ८ पै. तेव्हा एका सर्व्हे नंबरात दोघांचा हिस्सा २ आणे ८ पै आणि बाकी दोघांचा ५ आणे ४ पै असा दिसला की कागदावर वंशावळ नसताना पण ती तुमच्या डोळ्यासमोर उभी राहतीय. हिश्श्याच्या मोजणीचे, फोडीचे कागद एडीएलआर, म्हणजे भूमापन खात्याच्या ऑफिसला असतात, टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा) आणि आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि सारा) पण तिथंच. जुन्या खरेदीखताची नकल सब-रजिस्ट्रारकडं, त्यातली चतुःसीमा नीट वाचा, पूर्वेस अमक्याचं शेत असं जे लिहिलेलं असतंय तो अमका बऱ्याच वेळा चुलत भाऊच निघतोय.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आणि १९१३ नंतर ते काम सगळीकडं पसरलं, म्हणजे फेरफाराच्या वहीची पायवाट साधारण तिथवर जाती. तेव्हा जो खातेदार असेल तो जन्मलेला १८६०-८० च्या दरम्यान. तिथनं मागं जायचं तर एकोणिसाव्या शतकातल्या पहिल्या सर्व्हेचे कागद, आणि घराण्याला वतन किंवा इनाम असेल तर तुमचं नशीब चांगलं म्हणायचं. पाटील, कुलकर्णी, गावातले इतर वतनदार, देवस्थानाचे पुजारी, यांच्या हक्कावरनं तंटे झाले की वंशावळ लिहून द्यावी लागायची, १८७४ च्या वतन कायद्याखाली तर वतनाची रजिस्टरं होती. इनाम तपासायचं काम कंपनी सरकारनं दक्षिण महाराष्ट्रात, म्हणजे आपल्या धारवाड-बेळगाव भागातच १८४३ ला सुरू केलं आणि १८५२ ला त्याचा कायदा केला. इनाम कुणाला कधी मिळालं ते प्रत्येकाला सिद्ध करावं लागलं, म्हणून त्या कागदांत तीन-चार पिढ्या सहज येतात. ते बघायला पुण्याच्या पुराभिलेखागारात जावं लागतंय.

आणि हेच आपल्या सीमाभागाचं दुखणं. माणूस एका जागेवर बसलेला पण कागद चार ठिकाणी. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होता तो महाराष्ट्राकडं राहिला, म्हणजे चंदगडकरांचा धागा बेळगावला येतोय आणि आपल्यातल्या कितीजणांचा तिकडं जातोय. त्याच्या पण आधी संस्थानं. बेळगावातलं शहापूर सांगली संस्थानात होतं, रायबाग कोल्हापूरच्या राज्यात, तेव्हा गाव कुठल्या संस्थानात मोडत होतं ते आधी काढा. सांगली १९४८ ला विलीन झालं, कोल्हापूर १९४९ ला. कोल्हापूर संस्थानातलं गाव असेल तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात चौकशी करा. निपाणी तालुका अलीकडचा, त्यामुळं तिथली जुनी कागदं चिकोडीला विचारायची. माझं स्वतःचं मत असं की सीमाप्रश्नाचं काय व्हायचं ते होईल, पण हे कागद वाळवी खायच्या आत आपण आपल्या आपल्या घराण्याच्या नकला काढून ठेवायला पाहिजेत. कर्नाटक सरकारनं भू सुरक्षा म्हणून जुनी कागदं स्कॅन करायचं काम काढलंय, तर तुमच्या तालुक्यात झालंय का ते पण विचारा.

लिपीचं सांगतो. सगळ्यात जुनं मोडी, मग बाळबोध मराठी, मग १९५६ नंतर हळूहळू कन्नड. मोडी शिकायला लोक घाबरतात, पण नावं, आकडे आणि बिन, कोम, वारस, मयत असे पंधरा-वीस शब्द ओळखता आले तरी आपलं काम होतंय, पूर्ण कागद जाणकाराकडनं वाचून घ्या. कन्नड वाचता येत नसेल तर गल्लीतल्या शाळकरी पोराला बसवा. कन्नडमध्ये उतरवताना नावं बदलतात, चौगुलेचं चौगला होतंय, रामाचं रामाप्पा, विठूचं विठ्ठल, माणूस एकच. तारखा फसली सनात, म्हणजे महसुलाच्या जुन्या सनात, असतील तर ५९० मिळवा, म्हणजे फसली १२८० हे १८७०-७१. शकात ७८ मिळवा. त्याच्या मागं सुहूर सन असतोय आणि तो अरबी शब्दांत, “खमस अशर मयातैन व अलफ” म्हणजे पाच, दहा, दोनशे आणि हजार, १२१५, त्यात ५९९ मिळवले की १८१४-१५.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. आपल्यात नातवाला आज्ज्याचं नाव ठेवतात, त्यामुळं विठू बिन रामा, त्याचा मुलगा रामा बिन विठू, त्याचा परत विठू बिन रामा असं चालतंय, आणि जुन्या कागदात आडनाव बहुतेक नसतंयच. मी दोन विठू एकच धरले, दोन अख्ख्या पिढ्या गायब झाल्या, आणि सहा महिन्यांनी एका नोंदीत विठू मेल्यावर वीस वर्षांनी जमीन विकताना दिसला तेव्हा लक्षात आलं. म्हणून प्रत्येक नावासमोर वर्ष, सर्व्हे नंबर, एम.ई. नंबर लिहा, नुसत्या नावावर जाऊ नका.

ज्यांच्याकडं जमीन नव्हती त्यांचं काय? शाळेचं जनरल रजिस्टर बघा, आपल्या भागात कितीतरी गावांत मराठी शाळा जुन्या आहेत, त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख. कुळ म्हणून कसत असाल तर १ मार्च १९७४ नंतर कुळांनी भरलेले फॉर्म नंबर ७ आणि लँड ट्रिब्युनलचे निकाल काढा. जमीन कुणी, किती वर्षं, कुणाच्या मागं कसली हे तिथं माणसांच्या जबाबात आहे, आणि जबाबात माणूस आपल्या बापाबद्दल बोलतोय, तसं उताऱ्यात कुठंच मिळत नाही.

ऑफिसला जाताना “घराण्याचा इतिहास शोधतोय” म्हणून सुरुवात करू नका. गाव, सर्व्हे नंबर, एम.ई. नंबर, अंदाजे वर्ष असं लिहून नकलेचा अर्ज द्या, पोच घ्या. एका ठिकाणी मला रजिस्टर नाही म्हणून तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा तिथल्याच एका म्हाताऱ्या शिपायानं “सर, आ कपाटदल्ली नोडरी” (त्या कपाटात बघा) म्हणत स्वतः कपाट उघडून काढून दिलं. त्यांच्याशी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोला, काम हलतंय. नाहीच मिळालं तर माहिती अधिकार आहेच.

आणि हेळवी, म्हणजे घरोघरच्या वंशावळी लिहून ठेवणारा आणि वाचून दाखवणारा, आला तर दारातनं पाठवू नका. सुगी झाली की बैलाच्या घंटेचा आवाज करत यायचे ते, आता काहीजण गाडीवरनं येतात, त्यांच्या चोपडीत आपल्या घराची नावं पिढ्यानपिढ्या असतात, कुठलं गाव सोडून इथं आलो ते पण. वाचून दाखवतोय ते मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्याला विचारून पानांचे फोटो घ्या, धान्य-पैसे मान म्हणून नीट द्या. मग तुमच्या फेरफाराच्या नोंदीशी ताडून बघा, आमच्यात पाच पिढ्या जुळल्या, सहावीला तो दोन भाऊ सांगतोय आणि कागद एकच, तो शोध अजून चालू आहे. हेळवी नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घेतोय तेव्हा बहुतेक पोरांचीच विचारतोय. आम्ही त्याला आज्ज्याच्या त्या दोन बहिणींची आणि माझ्या मुलीचं नाव लिहायला लावलं. आधी जरा थांबला, मग लिहिलं त्यानं.